मालाचे नाव आणि मालाची अवस्था

श्रीरामपूरच्या बाजारपेठेला गंधक अपरिचित नाही. साखर कारखान्यांना तो उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी लागतो, द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदारांना भुरी रोगावर लागतो, आणि पाटपाण्याखाली चोपण झालेली जमीन सुधारण्यासाठीही तो वापरला जातो. खते-औषधांच्या पेढीवर त्याचे पोते उतरते, बिल फाटते, बिलावर एचएसएन क्रमांक छापला जातो आणि व्यवहार पूर्ण होतो. तो क्रमांक कोठून आला, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : वरच्या व्यापाऱ्याच्या बिलावर होता, तोच खाली उतरवला.

माल मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून येतो तोवर ही सवय फारशी नडत नाही. परंतु आज अनेक घरांतील नवी पिढी वाणिज्याचे शिक्षण घेऊन पेढीवर बसत आहे आणि मधला दुवा टाळून माल थेट परदेशातून आणण्याचा विचार करीत आहे. ज्या दिवशी पेढी स्वतः आयातदार होते, त्या दिवसापासून तो क्रमांक उसना राहत नाही. तो पेढीने शासनापुढे केलेले, स्वतःच्या सहीचे निवेदन ठरतो. हा फरक किती मोठा आहे, हे समजण्यासाठी गंधकाच्याच कुळातील एका कच्च्या खनिजाचे उदाहरण उपयोगी पडेल. ते खनिज म्हणजे लोहमाक्षिक, बाजारातील नावाने पायराइट.

लोहमाक्षिक म्हणजे लोह आणि गंधक यांचे निसर्गात बनलेले संयुग. शुद्ध खनिजात वजनाने सुमारे ५३ टक्के गंधक आणि सुमारे ४७ टक्के लोह असते. त्याचा फिकट पितळी चमकदार रंग पाहून अनेकांना सोन्याचा भास झाला, म्हणून जगभर त्याला मूर्खांचे सोने असेही नाव पडले. हे खनिज हवेत भाजले की गंधक वायुरूपाने निघून जातो आणि मागे लोहाची तांबूस राख उरते. त्या वायूपासून गंधकाम्ल, म्हणजेच सल्फ्युरिक ॲसिड तयार करतात. खतनिर्मितीपासून धातू, रंग आणि कापडापर्यंतचे अनेक उद्योग या आम्लावर उभे आहेत.

या दगडाला जागतिक व्यापारात स्थान मिळाले ते एका मक्तेदारीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील आम्लाचे कारखाने सिसिली बेटावरील गंधकावर अवलंबून होते. १८३८ मध्ये तेथील राजाने गंधकाच्या निर्यातीचा मक्ता एका फ्रेंच पेढीला दिला. भाव चढले, इंग्लंडचे कारखानदार अडचणीत आले आणि प्रकरण आरमार पाठवण्यापर्यंत गेले. १८४० मध्ये मक्ता रद्द झाला, पण तोवर कारखानदारांनी पर्याय शोधला होता. गंधक मिळत नसेल तर गंधक असलेला दगड भाजावा, हा तो पर्याय. पुढे स्पेन आणि नॉर्वेतील लोहमाक्षिकाची जहाजे युरोपातील बंदरांना नित्य लागू लागली. स्पेनमधील रिओ टिंटो येथील खाणी १८७३ मध्ये लंडनच्या भांडवलदारांनी स्पॅनिश सरकारकडून विकत घेतल्या. त्याच नावाची खाणकंपनी आज जगातील मोठ्या कंपन्यांत गणली जाते. गिऱ्हाईक अडवून धरणाऱ्याने प्रतिस्पर्धी माल जन्माला घातल्याचे हे जुने आणि ठळक उदाहरण आहे.

या खनिजाचा उतारही व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. १८९४ मध्ये हरमन फ्राश या रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत जमिनीखालील गंधक अतितप्त पाण्याने वितळवून वर काढून दाखवला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना निघणारा गंधक बाजारात येऊ लागला. तो शुद्धीकरणात काढून टाकावाच लागतो, त्यामुळे त्याचा पुरवठा मागणीची वाट पाहत नाही. आखाती देशांतील आणि आपल्याकडील तेलशुद्धीकरण कारखान्यांतील गंधक स्वस्त पडू लागल्यावर दगड भाजून गंधक मिळवण्याचे प्रयोजन बहुतेक देशांत संपत गेले. चीनसारख्या देशात मात्र लोहमाक्षिकापासून आम्ल बनवण्याची पद्धत अजून टिकून आहे.

भारतानेही हा मार्ग चालून पाहिला. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात आयात गंधकाला पर्याय म्हणून १९६० मध्ये केंद्र सरकारने एक कंपनी स्थापन केली. पायराइट्स, फॉस्फेट्स अँड केमिकल्स या नावाने ती पुढे ओळखली गेली. बिहारमधील अमझोर येथे तिची खाण होती. तेथील खनिज आम्लासाठी वापरले गेले, आणि शेतीच्या प्रतीचे पायराइट उत्तर भारतातील क्षारयुक्त जमिनी सुधारण्यासाठी विकले गेले. स्वस्त गंधकापुढे हा उद्योग टिकला नाही, तरी एक गोष्ट त्याने दाखवून दिली : हे खनिज कारखान्याच्या भट्टीत जसे जाते, तसे शेतकऱ्याच्या वाफ्यातही जाऊ शकते.

श्रीरामपूर परिसराचा संबंध येथेच येतो. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखालील मुलूख बारमाही बागायतीचा झाला. हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना, पुढे प्रवरानगरचा सहकारी कारखाना आणि नंतरचे इतर कारखाने या पाण्यावर उभे राहिले. पांढरी साखर करताना उसाच्या रसात चुना आणि गंधक जाळून केलेला वायू सोडतात, त्यामुळे गंधकाचे गिऱ्हाईक दाराशी आले. पण भारी काळ्या जमिनीला निचरा नसताना पाणी भरपूर मिळाले की सोडियम वाढतो, माती चिकट आणि घट्ट होते, तिच्यातून पाणी मुरत नाही. अशा चोपण जमिनीत चुनखडी असेल तर गंधक किंवा लोहमाक्षिक उपयोगी पडते. मातीत त्याचे हळूहळू आम्ल बनते, आम्ल चुनखडी विरघळवते, मोकळे झालेले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि निचरा असल्यास सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. जिप्सम हेच काम अधिक सरळपणे करते. म्हणून जमीन-सुधारकांचा व्यापार हा या गावाला परका विषय नाही.

आता असे समजावे की श्रीरामपूरच्या एखाद्या पेढीने शेतीसाठी लोहमाक्षिकाची भुकटी परदेशातून मागवण्याचे ठरवले. कस्टममध्ये तिचे नाव काय लागेल? पेढीतील तीन माणसांना विचारले तर तीन उत्तरे येण्याचा संभव आहे. एक म्हणेल, शेतात घालायचे म्हणजे ते खत. दुसरा म्हणेल, त्यात निम्मे लोह आहे म्हणजे ते लोहखनिज. तिसरा म्हणेल, त्यातील गंधकासाठीच आणतो, म्हणजे तो गंधक. तिन्ही उत्तरे समजूतदार वाटतात आणि तिन्ही चुकीची आहेत.

वर्गीकरणाची जी पद्धत आज जगातील दोनशेहून अधिक देश-प्रदेश वापरतात, ती ब्रसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेची आहे. तिचा आंतरराष्ट्रीय करार १९८३ चा असून तो १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला. सगळ्या जगाच्या मालाची विभागणी २१ विभाग आणि ९७ प्रकरणांत केलेली आहे. पहिले सहा अंक सर्व देशांत समान असतात. भारतात त्यापुढे दोन अंक जोडून आठ अंकी क्रमांक होतो. जीएसटीच्या बिलावरचा एचएसएन क्रमांक याच झाडाची फांदी आहे. पाच कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्याने चार अंक आणि त्यावरील उलाढालीच्या व्यापाऱ्याने सहा अंक लिहावे, असा नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. कस्टमच्या कागदावर मात्र आठही अंक लागतात.

या पद्धतीत न भाजलेल्या लोहमाक्षिकाला स्वतःचे घर आहे : शीर्षक २५०२. त्याचा पाया प्रकरण २५ च्या पहिल्या टीपेत आहे. त्या टीपेचा आशय असा की, या प्रकरणात कच्च्या अवस्थेतील खनिजे येतात. ती धुतलेली, फोडलेली, दळलेली, चाळलेली किंवा भौतिक पद्धतीने समृद्ध केलेली असली तरी चालतात. परंतु भाजलेली किंवा मिश्रण करून बनवलेली असतील तर ती या प्रकरणाबाहेर जातात. म्हणजे दगड असो वा भुकटी, पोत्यात असो वा जहाजाच्या तळात सुटा, लोहमाक्षिक भाजलेले नाही तोवर २५०२ हेच त्याचे घर. भट्टीतून एकदा गेले की उरलेली लोहयुक्त राख शीर्षक २६०१ मध्ये जाते, कारण त्या शीर्षकाच्या शब्दांतच लोहखनिजाबरोबर भाजलेल्या लोहमाक्षिकाचा उल्लेख आहे. भाजल्यावर बाहेर पडलेल्या वायूचे गंधकाम्ल झाले की ते २८०७ मध्ये जाते.

खत म्हणणाऱ्याचे उत्तर का चुकते, हे प्रकरण ३१ च्या टीपेवरून कळते. तेथे इतर खते या शब्दांत बसण्यासाठी नत्र, स्फुरद किंवा पालाश यांपैकी किमान एक घटक त्या मालाचा आवश्यक भाग असावा लागतो. लोहमाक्षिकात यांपैकी काहीच नाही. शेतकऱ्याच्या भाषेत ते जमिनीचे औषध असेल, कृषी खात्याच्या यादीत त्याला काही स्थान असेल, पण कस्टमच्या पुस्तकात उपयोगावरून नाव ठरत नाही. जेथे उपयोगाला महत्त्व द्यायचे आहे, तेथे शीर्षकाच्या किंवा टीपेच्या शब्दांत तसे लिहिलेले असते. एरवी माल बंदरावर उतरताना कोणत्या अवस्थेत आहे, हाच प्रश्न.

गंधक म्हणणाऱ्यानेही थोडे थांबावे. शीर्षक २५०३ हे मोकळ्या गंधकाचे आहे, गंधकाच्या संयुगाचे नव्हे. शिवाय मोकळा गंधकसुद्धा एका घरात राहत नाही. ऊर्ध्वपातित, अवक्षेपित आणि कोलॉइडी गंधक २८०२ मध्ये जातो. बुरशीनाशक म्हणून तयार करून विकलेला पाण्यात मिसळणारा गंधक ३८०८ मध्ये जातो. एकाच गोदामात शेजारी ठेवलेली तीन पोती तीन वेगळ्या प्रकरणांत बसतात आणि त्यांचे दरही वेगळे असू शकतात. दर बदलतातही. सप्टेंबर २०२५ मधील जीएसटीच्या फेररचनेत गंधकाम्लाचा दर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्याने क्रमांक नीट लिहिलेला असतो त्याला असा बदल एका दिवसात लागू करता येतो. ज्याने अंदाजाने लिहिला असेल त्याला आधी आपला माल कोणता, हेच शोधावे लागते.

काष्ठौषधी आणि रसद्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घरांना ही गोष्ट वेगळ्या नावांनी ठाऊक आहे. आयुर्वेदातील सुवर्णमाक्षिक म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते तांबे, लोह आणि गंधक यांचे खनिज. ते कच्चे असेल तर तांब्याच्या खनिजाच्या शीर्षकात, २६०३ मध्ये जाते. त्याचे शोधन-मारण होऊन औषध म्हणून भस्म तयार झाले की ते औषधांच्या प्रकरण ३० मध्ये जाते. हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची नैसर्गिक सल्फाइडे २५३० मध्ये, तर खनिज हिंगुळ हे पाऱ्याचे खनिज म्हणून २६१७ मध्ये. आणि लोहमाक्षिकाचेच पैलू पाडलेले खडे दागिन्यांसाठी आले, तर ते उपरत्नांच्या ७१०३ या शीर्षकात. वैद्य ज्याला कच्चे आणि सिद्ध म्हणतो, तोच भेद कस्टमचा अधिकारी टीपांच्या भाषेत करतो.

आज सल्फाइड खनिजांच्या जागतिक व्यापारात मोठा वाटा आहे तो तांब्यासारख्या धातूंच्या समृद्ध भुकटीचा. गुजरातमधील दहेज येथील तांब्याचा कारखाना अशी भुकटी परदेशातून आणतो. या व्यापारात किंमत पोत्यावर ठरत नाही. मालात धातू किती, ओलावा किती, नको असलेली द्रव्ये किती, यांच्या तपासणीवर ठरते. ओलाव्याला तेथे आणखी एक अर्थ आहे. बारीक खनिज मर्यादेपेक्षा ओले असेल तर समुद्राच्या हेलकाव्यांनी ते जहाजाच्या तळात द्रवासारखे वाहू लागते आणि जहाज कलंडते. शिवाय काही सल्फाइडे हवेशी संयोग पावून तापतात आणि बंद तळघरातील प्राणवायू शोषून घेतात. म्हणून मालाचे खरे नाव आणि खरा ओलावा जहाजाच्या कप्तानाला कळणे हा खलाशांच्या जिवाचा प्रश्न असतो. चुकीच्या नावाची किंमत नेहमी रुपयांतच मोजली जाते असे नाही.

ओलाव्याचा प्रश्न आपल्या शेजारच्या गोव्यातही गाजला, आणि तो २६०१ या शीर्षकातील लोहखनिजाबाबत. निर्यात शुल्क खनिजातील लोहाच्या टक्केवारीवर अवलंबून होते. टक्केवारी वाळवलेल्या नमुन्यावर काढायची की ओलाव्यासह असलेल्या मालावर, असा वाद होता. हिशेब साधा आहे. वाळलेल्या खनिजात ६४ टक्के लोह आहे आणि मालात ८ टक्के ओलावा आहे, असे धरू. मग शंभर किलो मालात कोरडे खनिज ९२ किलो आणि त्यात लोह सुमारे ५९ किलो. कोरड्या मापाने ६४ टक्के, ओल्या मापाने ५९ टक्के. शुल्काची पायरी या दोन आकड्यांच्या मधे असेल तर एकाच जहाजावर दोन वेगळे कर होतात. सर्वोच्च न्यायालयाने ओलाव्यासह असलेल्या, म्हणजे माल ज्या अवस्थेत निर्यात होतो त्या अवस्थेतील वजनावर टक्केवारी काढावी असे मानले, आणि २०१२ मध्ये केंद्रीय मंडळाने परिपत्रक काढून तीच पद्धत सर्व बंदरांना सांगितली. येथेही सूत्र तेच : माल सीमेवर ज्या अवस्थेत आहे, तीच त्याची ओळख.

आता दायित्वाकडे वळू. २०११ पर्यंत कस्टमचा अधिकारी कर ठरवीत असे. त्या वर्षी सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ मध्ये बदल झाला आणि स्वयंनिर्धारण आले. आता बिल ऑफ एंट्री भरणारा आयातदार स्वतः शीर्षक निवडतो, स्वतः दर लावतो, स्वतः कर काढतो. अधिकारी नंतर पडताळू शकतो. कमी कर भरल्याचे आढळले तर साधारणपणे दोन वर्षांपर्यंत, आणि हेतुपुरस्सर खोटे निवेदन किंवा दडवादडवी असेल तर पाच वर्षांपर्यंत मागणीची नोटीस येऊ शकते. त्यावर व्याज, आणि लबाडीच्या प्रकरणात कराइतकाच दंड. पेढीचा वर्षाचा नफा तीन-चार टक्क्यांचा असेल, तर पाच वर्षांच्या मालावर अशी मागणी येणे म्हणजे काय, हे कोणत्याही व्यापारी घराला समजावून सांगावे लागत नाही. माल केव्हाच विकला गेलेला असतो आणि गिऱ्हाइकाकडून वाढीव रक्कम वसूल होत नाही. जे जाते ते घरच्या भांडवलातून जाते.

मग शीर्षक चुकले की व्यापारी गुन्हेगार ठरतो काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिक या फिल्म आयात करणाऱ्या कंपनीच्या खटल्यात महत्त्वाचा भेद केला. मालाचे वर्णन खरे आणि पूर्ण असेल, आणि आयातदाराने स्वतःच्या समजुतीनुसार एखादे शीर्षक किंवा सवलत मागितली असेल, तर ती मागणी पुढे चुकीची ठरली तरी तेवढ्यावरून ते खोटे निवेदन होत नाही. या निर्णयाचा व्यवहारातील अर्थ मोलाचा आहे. शीर्षक हे मत आहे, वर्णन ही साक्ष आहे. मत चुकले तर फरकाची रक्कम भरून सुटता येते. साक्ष खोटी ठरली की पेढीची पत जाते. म्हणून नोंद करताना सर्वाधिक काळजी क्रमांकाची नव्हे, वर्णनाची घ्यावी. नुसते खनिज भुकटी असे लिहिण्याऐवजी नैसर्गिक लोहमाक्षिक, न भाजलेले, दळलेले, गंधक इतके टक्के, ओलावा इतका टक्के, असे लिहावे. एवढे लिहिल्यावर शीर्षकाबाबत मतभेद होईल, पण प्रामाणिकपणाबाबत होणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. भीतीपोटी जास्त कराचे शीर्षक लिहून मोकळे होणारे व्यापारी असतात. पुढे चूक कळली की परतावा मागू, असा त्यांचा हिशेब असतो. १८ सप्टेंबर २०१९ रोजी आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्वयंनिर्धारण हाही निर्धारणाचा आदेशच आहे. तो अपिलाने किंवा कायद्यातील अन्य मार्गाने बदलून घेतल्याशिवाय थेट परतावा मागता येत नाही. अपिलाची मुदत मुळात ६० दिवसांची. म्हणजे कमी लिहिण्यात जसा धोका आहे, तसा जास्त लिहिण्यातही तोटा आहे. सुरक्षित जागा एकच, आणि ती म्हणजे अचूकता.

बँकेचे कागद हा या साखळीचा तिसरा दुवा, आणि बहुतेक पेढ्या येथेच गाफील राहतात. पतपत्राच्या, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारांना लागू असलेली यूसीपी ६०० ही नियमावली १ जुलै २००७ पासून प्रचलित आहे. तिचे मूलभूत तत्त्व असे की, बँक कागदांचा व्यवहार करते, मालाचा नव्हे. व्यापारी बीजकावरील मालाचे वर्णन पतपत्रातील वर्णनाशी जुळले पाहिजे. पतपत्र उघडताना घाईने जमीन-सुधारक भुकटी असे लिहिले, तर निर्यातदाराचे बीजक तसेच येईल, आणि तेच बीजक कस्टमपुढे जाईल. तेथे माल लोहमाक्षिक आहे असे सांगावे लागेल आणि कागद वेगळे बोलेल. उलट, पाठवणाऱ्याने पतपत्रात नसलेले नाव बीजकावर घातले तर बँक कागद नाकारू शकते, आणि जहाज बंदरात असताना नाव दुरुस्त करण्यात दिवस जातात. त्या दिवसांचे बंदरभाडे पेढीच भरते. म्हणून मालाचे नाव ठरवण्याची वेळ जहाज लागल्यावरची नव्हे, पतपत्राचा अर्ज भरण्यापूर्वीची आहे.

थेट आयातीच्या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्या पेढीने क्रम असा ठेवावा. प्रथम निर्यातदाराकडून प्रयोगशाळेचा अहवाल मागवावा. त्यात खनिजाचे नाव, मुख्य घटकांचे प्रमाण, ओलावा आणि त्यावर झालेल्या प्रक्रिया स्पष्ट असाव्यात. भाजले आहे काय आणि काही मिसळले आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत, कारण प्रकरण २५ मध्ये माल राहतो की बाहेर पडतो हे त्यांवरच ठरते. नंतर शीर्षकाचे शब्द आणि प्रकरणांच्या टीपा स्वतः वाचाव्यात. कस्टम ब्रोकरचा सल्ला घ्यावा, पण कारण लेखी मागावे. शंका राहिली तर आयातीपूर्वीच आगाऊ निर्णय मागण्याची सोय आहे, आणि त्यासाठीचे प्राधिकरण मुंबईत आहे. माल येऊन पोहोचला आणि चाचणीचा निकाल यायचा असेल तर कलम १८ खाली हंगामी निर्धारण करून, हमी देऊन माल सोडवता येतो. कस्टमने नमुना घेतला तर त्याची नोंद ठेवावी आणि आपल्या मालाचा प्रातिनिधिक नमुना जपून ठेवावा. सर्वांत शेवटी, हे सारे कागद बिल ऑफ एंट्रीच्या प्रतीबरोबर एकाच फाइलमध्ये लावावेत. पाच वर्षांनंतर नोटीस आली, तर त्या वेळचा मुनीम किंवा ब्रोकर पेढीत असेलच असे नाही. फाइल मात्र असावी.

हा क्रमांकही कायमचा नसतो. जागतिक पुस्तकाची चालू आवृत्ती २०२२ ची आहे आणि पुढची १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हायची आहे. जुनी शीर्षके वगळली जातात, नवी येतात. वहीपूजनाच्या वेळी जशी खाती नव्या वहीत ओढली जातात, तसे वर्षातून एकदा मालांच्या क्रमांकांची यादी नव्याने तपासून घेणे हे त्याच शिस्तीतील काम मानावे.

जुन्या पेढ्यांवर माल उतरवून घेताना आधी मूठभर माल हातावर घेऊन पाहत, मग वजन करीत आणि मगच वहीत लिहीत. दळणवळण बदलले, वह्या संगणकात गेल्या, माल समुद्रापलीकडून येऊ लागला, तरी तो क्रम बदलण्याचे कारण नाही. लोहमाक्षिकाची भुकटी शेतात जाईल की भट्टीत, हे पुढे ठरेल. तिला खत म्हटल्याने फायदा होईल की खनिज म्हटल्याने, हाही नंतरचा विचार. हाती आहे तो माल काय आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, एवढे जसे आहे तसे प्रथम लिहावे. क्रमांक त्या वाक्यातूनच निघतो, दर त्या क्रमांकातून निघतो, आणि नफा त्या दरानंतर जो उरेल तोच खरा.